एकाचे दोन होताना

उन्हाळ्यातल्या एका व्याख्यानमालेत ‘पृथ्वीबाहेर कुणी आहे का?’ या विषयावर माझं भाषण झालं आणि रिवाजाप्रमाणे श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आल्या. उडत्या तबकड्या खऱ्या का, अमेरिका काय लपवते, पिरॅमिड कुणी बांधले, हे नेहमीचे प्रश्न होते. त्यांची उत्तरं मला पाठ आहेत. एक चिठ्ठी मात्र एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेली होती : ‘समजा सापडलं. मग आपण काय करायचं?’

मी कोपर्निकसचं नाव घेतलं, माणसाच्या गर्वाचं घर खाली होईल वगैरे बोललो, टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झालं. रात्री घरी आल्यावर खिशातून ती चिठ्ठी निघाली. पुन्हा वाचली आणि ओशाळल्यासारखं झालं. ‘सापडलं तर काय वाटेल’ याचं उत्तर देऊन मी मोकळा झालो होतो. विचारलं होतं ते ‘काय करायचं’.

हे पुस्तक म्हणजे त्या चिठ्ठीला उशिरानं दिलेलं उत्तर आहे. प्रकरणं पुढं आहेतच. ती वाचण्याआधी वाचकाच्या मनातली एक कल्पना तेवढी बाजूला करावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. ती थोडी लांबली आहे, सांभाळून घ्यावं.

ती कल्पना ‘सापडणे’ या क्रियापदात दडलेली आहे. हरवलेली किल्ली सापडते. ती गादीखाली नसते, नसते आणि एका क्षणी हाताला लागते. परग्रहावरचा जीवही असाच एका सकाळी हाताला लागेल, वर्तमानपत्रात आठ कॉलमी मथळा येईल आणि त्या दिवसापासून जग निराळं होईल, असं आपण धरून चालतो. सिनेमांनी तसं शिकवलंय. आजवरचा अनुभव मात्र असा की ही गोष्ट सापडत नाही, ती ठरते. आणि तीही जमिनीचा दावा कोर्टात ठरतो तशी, तारखांवर तारखा पडत. मध्येच एखादा साक्षीदार फिरतो, एखादा कागद खोटा निघतो, आणि वादी-प्रतिवादी दोघंही म्हातारे होतात.

सुरुवात करू १९६७ पासून, कारण ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न माणसांच्या एका गटाला त्या साली खरोखरच पडला होता. केंब्रिजजवळ सुमारे साडेचार एकर रानात लाकडी खांब ठोकून आणि त्यांवर तारा ताणून एक रेडिओ दुर्बीण उभारली होती. ते खांब ठोकणाऱ्यांत जोसलिन बेल ही चोवीस वर्षांची संशोधक विद्यार्थिनी होती. यंत्र रोज जवळजवळ तीस मीटर कागद ओकायचं. त्यावरच्या शाईच्या नागमोडी रेषा तिनं नजरेनं वाचायच्या, कारण संगणक तिच्या वाट्याला येत नव्हता. त्या रेषांमध्ये एके ठिकाणी बोटाच्या पेराहूनही कमी जागेत काहीतरी विस्कटलेलं दिसलं. ते ताऱ्यासारखंही नव्हतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या खरखरीसारखंही नव्हतं. दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. तिनं खूण करून ठेवली. नोव्हेंबरात कागद वेगानं पळवून तीच नोंद पुन्हा घेतली तेव्हा ठोके मोकळे झाले : दर १.३३ सेकंदाला एक, न चुकता.

त्या स्रोताला कामापुरतं नाव पडलं ‘एलजीएम-१’. लिटल ग्रीन मेन, म्हणजे छोटी हिरवी माणसं. नाव थट्टेनं दिलेलं होतं, पण थट्टा पुरती थट्टा नव्हती. हे ठोके एखाद्या ग्रहावरून येत असतील तर तो त्याच्या सूर्याभोवती फिरताना ठोक्यांच्या वेळेत बारीकसा फरक पडायला हवा, म्हणून तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांनी तोही हिशेब करून पाहिला. फरक नव्हता. तरीही नाताळाच्या आधी वरिष्ठ मंडळी दार लावून बसली : ही गोष्ट जाहीर करायची तर कशी, आणि आधी कुणाला सांगायची? बेलबाईंनी त्या दिवसाची आठवण पुढं अनेकदा सांगितली आहे. त्या भारावल्या नव्हत्या, घाबरल्याही नव्हत्या. त्या वैतागल्या होत्या. पीएच.डी.ची मुदत संपत आलेली, शिष्यवृत्तीचे थोडेच महिने उरलेले, आणि या हिरव्या माणसांना संदेश पाठवायला नेमका आपलाच अँटेना सापडावा!

सुटका बेलबाईंनीच केली. आकाशाच्या अगदी निराळ्या भागात तसाच दुसरा ठोका त्यांना मिळाला. दोन दिशांना, एकमेकांपासून अफाट अंतरावर राहणारे दोन हिरवे समाज एकाच वेळी पृथ्वीला खाणाखुणा करतील, हे पटण्यासारखं नव्हतं. हे तारेच होते, वेगानं गरगरणारे. आज आपण त्यांना पल्सार म्हणतो. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या घेऊन उभी असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही पल्सार शोधते, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना हा किस्सा नवा नाही. १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, बेल यांना नाही. तो निराळा विषय आहे आणि त्यावर माझं मत कुणापासून लपलेलं नाही.

या किश्श्यातलं गमक असं की दुसरा मिळाल्यावर हिरवी माणसं गेली. तिथं दुसऱ्यानं गूढ संपवलं. सजीवांच्या बाबतीत दुसरा मिळण्याचा अर्थ याच्या नेमका उलटा असणार आहे. त्याकडे येतोच.

त्यानंतरचे दावे सगळे इथं सांगत बसत नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणं आहेत. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या एका प्रयोगात मातीला खाद्य घातलं तर वायू सुटला. दुसऱ्या उपकरणाला त्याच मातीत सेंद्रिय द्रव्याचा मागमूस दिसला नाही. पहिल्या प्रयोगाचे कर्ते गिल्बर्ट लेव्हिन २०२१ मध्ये वारले, तोवर म्हणत राहिले की आपल्याला जीव सापडला होता. पंचेचाळीस वर्षं एक माणूस एकाच निकालावर अपील करत राहिला. १९७७ मध्ये ओहायोतल्या दुर्बिणीनं ७२ सेकंदांचा एक जोरदार संकेत टिपला. तो पुन्हा कधीच आला नाही. आणि अंटार्क्टिकात १९८४ मध्ये उचललेला तो सुमारे दोन किलोचा दगड! चुकीच्या जातीचा शिक्का बसून तो ह्यूस्टनच्या कपाटात नऊएक वर्षं पडून होता. पुढं कळलं की तो मंगळावरून आला आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यातल्या अळीसारख्या आकृत्या जगभर झळकल्या, आणि खुद्द अध्यक्ष क्लिंटन हिरवळीवर येऊन त्यावर बोलले. आज त्या आकृत्यांना जीवाश्म मानणारे फार थोडे उरलेत. पण त्या गदारोळातून पृथ्वीबाहेरच्या जीवांचा अभ्यास ही एक प्रतिष्ठित विद्याशाखा होऊन बसली. चुकीच्या दगडानं बरोबर काम केलं म्हणायचं.

आपल्या घराजवळची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण मराठी वाचकाला त्यातली माणसं ओळखीची आहेत आणि गोष्टीचा शेवट सहसा कुणी सांगत नाही.

जयंत नारळीकरांना आपण ‘यक्षांची देणगी’चे लेखक म्हणून ओळखतो, पुण्याच्या आयुकाचे संस्थापक म्हणूनही ओळखतो. सजीवांची बीजं अंतराळातून पृथ्वीवर पडत असावीत, हा त्यांचे गुरू फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा लाडका आणि बहुतेकांना न पटणारा विचार. नारळीकरांनी त्यावर वाद घालत न बसता फुगा सोडायचं ठरवलं. २००१ मध्ये एक प्रयोग झाला, आणि २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या फुगा केंद्रातून त्याहून काटेकोर असा दुसरा. फुग्याखाली ४५९ किलोचं सामान होतं. त्यात पोलादाच्या निर्जंतुक, हवा काढून घेतलेल्या सोळा नळ्या, आणि त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. वर गेल्यावर ठरलेल्या उंचीला झडप उघडायची, विरळ हवा आत ओढली जायची आणि नळीच्या थंडगार भिंतीवर गोठून बसायची. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी बंद करून खाली आणली. घरात दह्याचं विरजण लावताना भांडं खरकटं नाही ना, हे आपण जितकं बघतो त्याच्या हजारपट सोवळं त्या नळ्यांनी पाळलं होतं, कारण अख्खा प्रयोग तेवढ्यावरच उभा होता. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत तपासले आणि पुण्याच्या एनसीसीएस या प्रयोगशाळेतही, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात यावी.

जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यातल्या जिवाणूंच्या तीन जाती तोवर नोंदल्या गेलेल्या नव्हत्या. २००९ मध्ये इस्रोनं त्या जाहीर केल्या : एकीला हॉयल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. पृथ्वीवरच्या जवळच्या जातींपेक्षा त्या अतिनील किरणांपुढं जास्त टिकाव धरत होत्या. लोकांना अर्थातच एकच प्रश्न होता : वरून आल्या का? इस्रोच्या निवेदनात स्पष्ट म्हटलं होतं की यावरून त्या पृथ्वीबाहेरच्या असल्याचं निर्विवाद सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांनी मथळ्यात अर्थातच तेवढंच गाळलं.

आता शेवट. आर्यभटाचं नाव मिळालेला तो जिवाणू पुढं अनेक ठिकाणी आढळला. मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांशीही आढळला. तिथं तो जस्त विरघळवून पिकाला पोचवतो, म्हणून शेतीशास्त्रज्ञांना त्याचं कौतुक. चाळीस किलोमीटर उंचीवरून द्रवरूप निऑनच्या नळीत मोठ्या इतमामानं खाली आणलेला पाहुणा आपल्याच बांधावर राहत होता! यात कुणाचं हसं झालं असं मला वाटत नाही. उलट मला हा प्रयोग फार आवडतो. जीव इतक्या वर, इतक्या थंडीत, इतक्या किरणांत तग धरतो हे त्यानं दाखवलं. आणि आकाशातला अनोळखी दिसला की आधी आपल्या घरातली मंडळी मोजून घ्यावीत, हेही.

आता ताजा दावा. माझ्या मते आजवरचा सर्वांत भारी.

मंगळावर येझेरो नावाचं विवर आहे. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथं तळं होतं आणि त्याला एक नदी मिळत असे. त्या कोरड्या नदीच्या पात्रात जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स या रोव्हरला बाणाच्या टोकासारखा एक तांबूस दगड दिसला. लांबी मीटरभर. त्याला ‘चेयावा फॉल्स’ म्हणतात. त्याच्या अंगावर पांढऱ्या शिरा होत्या आणि शिरांच्या मधल्या भागात मिलिमीटरभराचे फिकट ठिपके, प्रत्येकाला काळी किनार. शास्त्रज्ञांनी त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटलं. शेजारी त्याहून बारीक काळे दाणे होते त्यांना खसखस. (विज्ञानाची भाषा अडखळली की ती नेहमी रानात नाहीतर स्वयंपाकघरात शिरते, हे मी पाहून ठेवलंय.) सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास आला. काळ्या किनारीत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड अशी दोन खनिजं असावीत, दगडात सेंद्रिय कार्बन आहे, आणि दगड कधी फारसा तापलेला दिसत नाही. ही जोडी पृथ्वीवर बहुधा चिखलात तयार होते, जिथं सूक्ष्मजीव लोह आणि गंधक ‘खाऊन’ ऊर्जा मिळवतात. जिवांवाचूनही ती होऊ शकते. पण त्याच्या आपल्याला ठाऊक असलेल्या वाटांना सहसा उष्णता किंवा आम्ल लागतं, आणि इथं त्यांची चिन्हं नाहीत.

एवढ्यावर तुम्ही-आम्ही ‘सापडलं!’ म्हणालो असतो. अभ्यास करणाऱ्यांनी ‘जीवाची संभाव्य खूण’ एवढंच म्हटलं. अशा दाव्यांसाठी नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक शिडी सुचवली होती. पहिली पायरी म्हणजे खूण दिसली. मग ती उपकरणाच्या चुकीतून किंवा आपणच नेलेल्या घाणीतून आलेली नाही हे दाखवा, जिवांवाचून ती कशी होईल याच्या साऱ्या वाटा बंद करा, दुसरी स्वतंत्र खूण आणा, अशा सगळ्या चढून सातवी. बिबट्याचे ठिपके खालच्या पायऱ्यांवर आहेत. वर चढायचं तर तो दगड पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत हवा. रोव्हरनं त्याचा बोटाएवढा तुकडा कापून टायटेनियमच्या नळीत बंद केला आहे आणि ती नळी स्वतःजवळ ठेवली आहे. नमुन्याचं नाव ‘सॅफायर कॅन्यन’.

१२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाबद्दलही २०२५ मध्ये गाजावाजा झाला. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाला, वेब दुर्बिणीतून, त्याच्या वातावरणात समुद्रातले सूक्ष्म वनस्पतिजीव सोडतात तो एक गंधकयुक्त वायू असावा असं वाटलं. इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली तर पुरावा विरघळू लागला. वाद चालू आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट खिळवून ठेवते. ज्या प्रकाशावरून हा तंटा चाललाय तो तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे नुकतेच वारले होते किंवा शेवटच्या दिवसांत होते. तिथं कुणी असेलच आणि आज आपण ‘नमस्कार’ म्हणालो, तर ‘नमस्कार’ परत यायला २४८ वर्षं. संवाद हा शब्द इथं वापरू नये. हे फार तर पिढ्यांनी पिढ्यांना लिहिलेलं पत्र होईल.

तर मग समजा, अनेक तारखा पडून एकदाचा निकाल लागला. काय बदलेल? माझ्या मते एक आकडा बदलेल. आज सजीवसृष्टीचं आपल्याजवळ एकच उदाहरण आहे. पेनिसिलिनची बुरशी, वड, कोंबडी, वाचक आणि मी, सगळे एकाच मुळाचे. साऱ्यांच्या पेशींत तीच चार अक्षरांची जनुकीय लिपी, प्रथिनांचे तेच वीस ठोकळे, आणि ते ठोकळेही आरशातल्या दोन प्रतिमांपैकी एकाच बाजूचे, ‘डाव्या हाताचे’. एका उदाहरणावरून नियम कोणता आणि योगायोग कोणता हे कळायला मार्ग नसतो. ज्याला मराठीखेरीज दुसरी भाषा ठाऊकच नाही त्याला खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’ आणि पलंग ‘तो’ असणं हा सृष्टीचा नियम वाटेल. दुसरी भाषा कानावर पडते त्या दिवशी त्याला प्रथमच मराठीचं व्याकरण दिसतं. जीवशास्त्राला अजून दुसरी भाषा मिळालेली नाही.

म्हणून तो दुसरा जीव केवढा आहे याला महत्त्व नाही. मंगळावरचा मेलेला, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा जंतूही चालेल. प्रश्न असेल तो कुठल्या हाताचा आहे. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत आपल्या वीस ठोकळ्यांपैकी चौदा सापडले, लिपीची रसायनंही सगळी सापडली. आणि तिथं डावे-उजवे ठोकळे साधारण सारखेच होते. म्हणजे शिधा विश्वात सगळीकडे पडलेला आहे. स्वयंपाक एकाच घरी झाला की घरोघरी होतो, एवढंच कळायचं राहिलंय. मंगळाचा जंतू उजव्या हाताचा निघाला तर एकाच सूर्याभोवती जीव दोनदा, स्वतंत्रपणे उपजला असं होईल. आणि एकाच आळीत दोन घरी चूल पेटत असेल तर गावात किती पेटत असतील याचा हिशेब कुणीही करावा. तो डाव्या हाताचा आणि आपल्याच लिपीचा निघाला तर मात्र पंचाईत. मग तो आपला भाऊबंद असेल, कारण मंगळाचे दगड पृथ्वीवर येतात हे त्या अंटार्क्टिकाच्या दगडावरूनही दिसतं. कदाचित मूळ पुरुष तिकडचा असेल आणि आपण सारे स्थलांतरित. किंवा तो आपल्याच यानाला चिकटून गेलेला असेल.

ही बातमी चांगली की वाईट, यावरही एकमत नाही. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांनी २००८ मध्ये लिहिलं की मंगळ निर्जीव निघावा अशी आपली इच्छा आहे. वरवर विक्षिप्त वाटतं, पण युक्तिवाद सरळ आहे. आकाशगंगेत इतके ग्रह असून कुणाचा आवाज येत नाही, त्या अर्थी निर्जीव मातीपासून ताऱ्यांपर्यंत पोचणाऱ्या संस्कृतीच्या वाटेवर कुठंतरी एक फार बारीक चाळण असली पाहिजे. जीव उपजणं हीच ती चाळण असेल तर आपण तिच्यातून पार झालो आहोत. पण जीव जर शेजारीपाजारी सहज उपजत असेल, तर चाळण पुढं आहे, आपल्या पुढं. मला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. आवाज येत नाही याचं कारण आपण अजून नीट ऐकलेलंच नाही, हेही असू शकतं. तरी रात्री झोप न येण्याइतका तो भक्कम आहे, हे मान्य करायला हवं.

धर्माचं काय, हा प्रश्न चिठ्ठ्यांतून हमखास येतो. असंख्य सूर्यांभोवती असंख्य वसलेल्या पृथ्वी आहेत असं म्हणणाऱ्या जॉर्दानो ब्रूनोला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत इतरही पुष्कळ होते, पण हाही होता. आपल्याकडे अशी अडचण दिसत नाही. आरतीनंतर ‘अनंत कोटी ब्रह्मांडनायक’ असा जयजयकार करणाऱ्याला एखाद्या ब्रह्मांडात जंतू निघाल्याचं काय अप्रूप? चौऱ्याऐंशी लक्ष योनींत एकीची भर. मंगळाशी तर आपलं नातं इतकं घरगुती आहे की त्याच्यापायी आजही लग्नं मोडतात. तिथं खरंच कुणी राहत होतं असं कळलं तर पत्रिका बघणारे फार तर दक्षिणा वाढवतील. पण या सहजपणाचा मला थोडा संशयही येतो. ‘आमच्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय’ असं म्हटलं की पुढं शोधायची गरज उरत नाही. ब्रूनोच्या देशात निदान भांडण तरी झालं.

घबराट होईल का? १९६७ पासूनच्या अशा बातम्यांची भाषा मायकेल व्हार्नम या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासली, लोकांनाही विचारलं. सूक्ष्मजीव सापडल्याच्या बातमीवर भीतीपेक्षा आनंदाचा सूर बराच जास्त असेल, असा २०१८ चा त्यांचा निष्कर्ष. मला तो अमेरिकेपुरता न वाटता एकंदरच खरा वाटतो. दुसऱ्या दिवशी दूध येईल, लोकल उशिरा धावेल, भाव वर-खाली होतील.

‘काय करायचं’ ते यानंतर सुरू होतं, आणि इथं मला ठाम बोलायचंय. १९६७ च्या अंतराळ करारात दुसऱ्या ग्रहांना आपली घाण लावू नका असं कलम आहे, आणि ते कागदावरच राहिलेलं नाही. व्हायकिंग यानं पाठवण्यापूर्वी तीस तास भट्टीत भाजून काढली होती. शनीभोवती तेरा वर्षं फिरलेलं कॅसिनी यान सप्टेंबर २०१७ मध्ये मुद्दाम शनीत लोटून जाळलं. एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे, तिथं कुणी असलंच तर आपल्या यानावरचे जंतू त्याच्या घरात शिरू नयेत म्हणून. असेल की नाही ते माहीत नसलेल्या जीवासाठी माणसानं कोट्यवधी डॉलरचं यंत्र मोडलं, ही माझ्या लेखी विसाव्या-एकविसाव्या शतकातली सर्वांत सभ्य कृती आहे. आता मंगळावर माणसं उतरवायची घाई चालली आहे, खासगी कंपन्याही त्यात आहेत. माणूस भट्टीत भाजता येत नाही. तो उतरला की त्याच्याबरोबर त्याचे अब्जावधी जंतू उतरले, आणि त्यानंतर ‘हा जंतू तुमचा की मंगळाचा’ हा दावा कायमचा नासला. तेव्हा क्रम एवढाच : आधी दगड इकडे आणा, मग माणसं तिकडे न्या. जे घाई करतात ते पुरावा पुसतात, असं मी या पुस्तकात एकाहून अधिक ठिकाणी लिहिलं आहे आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

उत्तर कुणी द्यायचं हा दुसरा प्रश्न. संकेत मिळाला तर आधी खात्री करावी, मग जगाला सांगावं आणि सर्वांशी सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नये, असा एक मसुदा खगोलविदांनी १९८९ मध्ये केला. तो सज्जनांचा करार आहे, कायदा नाही. ज्याच्याजवळ मोठा अँटेना आहे तो उद्या हवं ते पाठवू शकतो, आणि त्याला विचारणारी कचेरी कुठल्याच राजधानीत नाही.

पुस्तक वाचताना क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. गणित नको असेल त्यांनी तिसरं प्रकरण ओलांडून जावं. लोणारवरचं प्रकरण मात्र चुकवू नये. उल्केच्या आघातानं बसाल्टमध्ये पडलेलं ते तळं म्हणजे मंगळाची सर्वांत स्वस्त सहल आहे, आणि जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी करणारे खारप्रेमी सूक्ष्मजीव किती कमी भांडवलावर संसार करतात हे तिथं कळेल. हस्तलिखित वाचून चुका काढणाऱ्या मित्रांचे आभार मी समक्ष मानले आहेत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं किंवा लिहिणारीचं नाव मला ठाऊक नाही. हे पुस्तक कुठल्या तरी वाचनालयातून त्यांच्या हाती पडावं.

मंगळावरचे नमुने परत आणण्याच्या मोहिमेचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज २०२३ मध्ये आला, आणि त्यानंतर ती मोहीम अडकली. चीनची तियानवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास निघायची आहे, पण ती स्वतःचे नमुने स्वतः गोळा करणार. ‘सॅफायर कॅन्यन’ची नळी मी हे लिहीत असताना मंगळावरच आहे.